संशोधन आणि डेटा विश्लेषणासाठी छोटा लॅपटॉप कसा निवडावा: आधी गणित, मग खरेदी

प्रस्तावना

गुरुग्राममधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवतो. दरवर्षी तिसऱ्या वर्षाचे प्रकल्प ठरू लागले की विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, कोणता लॅपटॉप घेऊ?" मी उलट विचारतो, "तुझा डेटा किती बाइटचा आहे?" बहुतेकांना उत्तर देता येत नाही. प्रोसेसरचे नाव पाठ असते, ग्राफिक्स कार्डाचा क्रमांक पाठ असतो. पण काम किती मोठे आहे हे मोजलेले नसते.

काही वर्षांपूर्वी रेवाडीजवळच्या एका गावातील विद्यार्थिनी माझ्याकडे प्रकल्पाला होती. मोहरीचे पैसे हाती आल्यावर वडिलांनी तिला लॅपटॉप घेऊन दिला. दुकानदाराने 'संशोधनाला ताकदवान मशीन लागते' असे सांगून गेमिंगचा लॅपटॉप गळ्यात मारला. वजन अडीच किलो, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, आणि रॅम फक्त ८ जीबी. तिचा विषय होता भारतातील अतिवृष्टीच्या दिवसांची मोजणी. पहिल्याच आठवड्यात प्रोग्राम बंद पडू लागला. ग्राफिक्स कार्डाचा त्या कामात काहीच उपयोग नव्हता. जड असल्यामुळे ती लॅपटॉप वर्गात आणत नसे, वसतिगृहातच ठेवत असे. एका हंगामाच्या कमाईतला मोठा वाटा अशा भागांवर गेला होता, जे तिला लागणारच नव्हते.

हा पाठ त्या प्रसंगातून तयार झाला. कोणत्या कंपनीचे कोणते मॉडेल घ्यावे हे यात सांगितलेले नाही, कारण मॉडेल दर सहा महिन्यांनी बदलतात. निवड करण्यामागचे गणित मात्र बदलत नाही.

या पाठानंतर तुम्हाला काय करता येईल?

- आपल्या डेटाचा स्मृतीतील आकार कागदावर काढणे.
- त्यावरून किती रॅम लागेल याचा अंदाज करणे.
- प्रोसेसर, ग्राफिक्स, डिस्क, पडदा आणि बॅटरी यांचा प्राधान्यक्रम ठरवणे.
- कोणते काम लॅपटॉपवर करायचे आणि कोणते दुसऱ्या मोठ्या संगणकावर पाठवायचे हे ओळखणे.

'छोटा लॅपटॉप' म्हणजे या पाठापुरता १३ ते १४ इंची पडद्याचा, सुमारे दीड किलोपर्यंत वजनाचा, रोज पाठीवरच्या पिशवीतून नेता येईल असा लॅपटॉप.

१. पहिली पायरी: डेटा मोजा

संगणकात दशांश संख्या साधारणपणे दोन प्रकारे साठवतात. ३२-बिटी संख्येला ४ बाइट लागतात, ६४-बिटी संख्येला ८ बाइट. म्हणून सूत्र अगदी सोपे आहे:

डेटाचा आकार = एकूण संख्या × प्रत्येक संख्येचे बाइट

आता तीन खरी उदाहरणे घेऊ.

*उदाहरण १: गुरुग्रामची हवा.* गुरुग्राममध्ये हवेची गुणवत्ता सतत मोजणारी केंद्रे विकास सदन, सेक्टर ५१, टेरी ग्राम आणि ग्वाल पहाडी येथे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांच्या नोंदी दर १५ मिनिटांच्या अंतरानेही मिळतात. म्हणजे दिवसाला ९६ नोंदी, वर्षाला ९६ × ३६५ = ३५,०४० ओळी. आपण १२ स्तंभ घेतले (पीएम २.५, पीएम १०, ओझोन, तापमान, आर्द्रता इत्यादी), चार केंद्रे घेतली आणि पाच वर्षे घेतली, तर:

३५,०४० × ५ × ४ × १२ × ८ = सुमारे ६ कोटी ७३ लाख बाइट, म्हणजे ६७ एमबी.

चार केंद्रांची पाच वर्षांची हवा मोबाइलमधल्या एखाद्या लहान व्हिडिओएवढ्या जागेत मावते. हे काम चालू स्थितीतल्या कोणत्याही लॅपटॉपवर होईल. त्यासाठी नवा लॅपटॉप घेण्याची गरज नाही.

*उदाहरण २: भारताचा पाऊस.* भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाकडून १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाचा जाळीदार डेटा उपलब्ध होतो. ०.२५ अंशांच्या या जाळीत अक्षांशाच्या दिशेने १२९ आणि रेखांशाच्या दिशेने १३५ बिंदू आहेत, म्हणजे एका दिवसाला १७,४१५ संख्या. ३२-बिटी स्वरूपात एका साध्या वर्षाचा आकार:

१७,४१५ × ३६५ × ४ = २,५४,२५,९०० बाइट, म्हणजे सुमारे २५ एमबी.

१९०१ ते २०२० या १२० वर्षांत ३० लीप वर्षे धरून ४३,८३० दिवस होतात. एकूण संख्या सुमारे ७६ कोटी ३३ लाख. ३२-बिटी स्वरूपात ३.०५ जीबी आणि ६४-बिटी स्वरूपात ६.१ जीबी. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रोग्रामने सर्व वर्षे एकदम वाचून ६४-बिटी संख्यांत बदलली होती. ८ जीबी रॅमपैकी काही भाग ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझरने आधीच घेतलेला. उरलेल्या जागेत ६.१ जीबी मावणे शक्यच नव्हते.

*उदाहरण ३: गुरुत्वीय लहरी.* १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन शोधकांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. त्या घटनेभोवतीच्या ३२ सेकंदांचा डेटा सर्वांसाठी खुला आहे. सेकंदाला ४,०९६ नमुने धरले तर एका शोधकाचे ४,०९६ × ३२ = १,३१,०७२ नमुने होतात, म्हणजे ८ बाइटच्या हिशेबाने सुमारे १ एमबी. दोन्ही शोधकांचे मिळून २ एमबी. २०१७ चे नोबेल ज्या शोधाला मिळाले, त्याचा मूळ संकेत तुम्ही साध्या लॅपटॉपवर गाळून, आलेख काढून पाहू शकता. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहत आहे. त्याच्या डेटावर काम करण्याची इच्छा असलेल्यांनी सराव आजपासून सुरू करावा. त्यासाठी महागड्या मशीनची वाट पाहू नये.

तिन्ही उदाहरणांचा अर्थ एकच. 'संशोधन' हा शब्द ऐकून आकाराची कल्पना करू नका, गुणाकार करा.

*एक सावधगिरी.* मजकुराचे स्तंभ संख्यांपेक्षा खूप जागा घेतात. पायथॉनमध्ये 'सेक्टर ५१' हे नाव प्रत्येक ओळीत स्वतंत्र मजकूर म्हणून साठवले गेले, तर प्रत्येक वेळी पन्नासाहून अधिक बाइट जातात. तेच नाव 'वर्ग' म्हणून साठवले, तर प्रत्येक ओळीत केवळ एक लहान सांकेतिक क्रमांक राहतो. डिस्कवरची फाइल २०० एमबीची दिसली, म्हणून स्मृतीतही तेवढीच होईल असे समजू नका.

२. रॅम किती हवी?

गणना चालू असताना डेटाच्या प्रती तयार होतात. एक मूळ प्रत, एक गाळलेली, एक उत्तराची. म्हणून मी विद्यार्थ्यांना पुढील अंदाजी नियम देतो:

लागणारी रॅम = डेटाचा आकार × ३ + ४ जीबी

शेवटचे ४ जीबी ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर आणि इतर चालू प्रोग्रामसाठी. हा निसर्गनियम नव्हे, अनुभवाचा ठोकताळा आहे. पण खरेदीपूर्वी तो पुरेसा उपयोगी पडतो.

| स्मृतीतील डेटा | नियमानुसार गरज | बाजारातील जवळचा आकडा |
|---|---|---|
| ०.०७ जीबी (गुरुग्रामची हवा) | ४.२ जीबी | ८ जीबी |
| ३.०५ जीबी (पाऊस, ३२-बिटी) | १३.२ जीबी | १६ जीबी |
| ६.१ जीबी (पाऊस, ६४-बिटी) | २२.३ जीबी | ३२ जीबी |

रॅम अपुरी पडली की संगणक डिस्कचा काही भाग स्मृतीसारखा वापरू लागतो. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद असल्यामुळे मिनिटांचे काम तासांवर जाते, नाहीतर प्रोग्राम अर्ध्यातच बंद पडतो. प्रोसेसर थोडा मंद असला तर उत्तर उशिरा मिळते. रॅम अपुरी असली तर उत्तरच मिळत नाही. म्हणून डेटा विश्लेषणासाठी पैसे मोजताना रॅम पहिली, प्रोसेसर दुसरा.

*मशीन बदलण्यापूर्वी प्रोग्राम बदला.* वरच्या तक्त्यातील तिसरी ओळ पाहून ३२ जीबीचा लॅपटॉप घेण्याची घाई नको. त्या विद्यार्थिनीला प्रत्येक जाळीबिंदूवर ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाचे दिवस मोजायचे होते. एका वर्षाची मोजणी दुसऱ्या वर्षावर अवलंबून नसते. मग १२० वर्षे एकदम स्मृतीत आणायचीच कशाला? एक वर्ष वाचा (२५ एमबी), मोजा, बेरजेत मिळवा, पुढचे वर्ष वाचा. उत्तर तंतोतंत तेच येते. प्रोग्रामची मांडणी अशी बदलल्यावर तोच ८ जीबीचा लॅपटॉप पुरला. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवरही तो प्रोग्राम चालला.

सर्वच कामे वर्षानुसार तोडता येत नाहीत. प्रत्येक बिंदूचा मध्यक किंवा ९५ वा शतमक काढायचा असेल, तर त्या बिंदूची सगळी वर्षे एकत्र लागतात. अशा वेळी काळाऐवजी प्रदेश तोडावा. महाराष्ट्राला सामावणारा १५.५ ते २२.२५ उत्तर अक्षांश आणि ७२.५ ते ८१ पूर्व रेखांश हा आयत घेतला, तर त्यात २८ × ३५ = ९८० बिंदू येतात. १२० वर्षांचा त्यांचा डेटा ३२-बिटी स्वरूपात अवघा १७२ एमबी होतो.

३. प्रोसेसर: कोअर, वॉट आणि उष्णता

जाहिरातीत कोअरची संख्या मोठ्या अक्षरांत असते. पण कोअर दुप्पट झाले म्हणून काम निम्म्या वेळेत होत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. प्रोग्रामचा ८० टक्के भाग समांतर चालतो आणि २० टक्के भाग एकामागून एकच चालतो असे समजा. मग वेग किती वाढेल?

- ४ कोअर: १ ÷ (०.२ + ०.८/४) = २.५ पट
- ८ कोअर: १ ÷ (०.२ + ०.८/८) = ३.३ पट
- १६ कोअर: १ ÷ (०.२ + ०.८/१६) = ४ पट

कोअर कितीही वाढवले तरी ५ पटीच्या पुढे जाता येणार नाही. शिवाय पदवी स्तरावर लिहिलेले बरेचसे प्रोग्राम एकाच कोअरवर चालतात. म्हणून छोट्या लॅपटॉपसाठी ६ ते ८ कोअरचा, अलीकडच्या तीन-चार वर्षांतला प्रोसेसर पुरेसा आहे. एका कोअरचा वेग चांगला असणे जास्त महत्त्वाचे.

छोट्या लॅपटॉपची खरी मर्यादा उष्णता ही आहे. पातळ लॅपटॉपमधील प्रोसेसर बहुधा १५ ते २८ वॉटच्या मर्यादेत सलग चालतो; जाडजूड लॅपटॉपमधला ४५ वॉट किंवा त्याहून जास्त घेऊ शकतो. सुरुवातीचे काही सेकंद दोन्ही जोरात धावतात. नंतर पातळ लॅपटॉप तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. दुकानात दाखवली जाणारी चाचणी या पहिल्या काही सेकंदांची असते. आपली गणना मात्र अर्धा तास चालते, आणि मे महिन्यात गुरुग्राममध्ये किंवा नागपूरमध्ये पंख्याखाली बसून चालते. पंखा नसलेले लॅपटॉप (उदाहरणार्थ मॅकबुक एअर) शांत आणि हलके असतात. छोट्या-छोट्या गणनांना उत्तम, पण दीर्घ गणनेत त्यांचाही वेग उतरतो.

*करून पाहा.* मित्राच्या किंवा प्रयोगशाळेतल्या लॅपटॉपवर ४,००० × ४,००० आकाराच्या दोन सारण्यांचा गुणाकार पुन्हा पुन्हा करा. एका सारणीला १२८ एमबी लागतात. उत्तरासह तिन्ही मिळून ३८४ एमबी. प्रत्येक गुणाकाराला लागलेला वेळ वीस मिनिटे नोंदवत राहा आणि आलेख काढा. वेळेची रेषा वर चढून जिथे स्थिरावते, तो त्या लॅपटॉपचा खरा वेग. पहिला आकडा जाहिरातीचा, शेवटचा तुमच्या कामाचा.

४. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवे का?

तक्ते, सांख्यिकी, संकेत-प्रक्रिया, आलेख, छोटी समीकरणे सोडवणे या कामांना सहसा नको. न्यूरल नेटवर्कचे प्रशिक्षण, मोठ्या प्रतिमांवरील काम, काही रेण्वीय अनुकरणे यांना उपयोग होतो. पण तेथेही आधी गुणाकार करा. प्रचलित पद्धतीने प्रशिक्षण देताना प्रत्येक प्राचलामागे १६ बाइट धरा: प्राचल ४, त्याचा उतार ४ आणि सुधारणेसाठीच्या दोन नोंदी ८. १० कोटी प्राचलांना १.६ जीबी लागतात. मधल्या गणनांची जागा याशिवाय, आणि ती कित्येकदा यापेक्षा मोठी असते. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची स्मृती यापेक्षा कमी असेल तर कार्ड असून नसल्यासारखे.

कूडा वापरणारे सॉफ्टवेअर फक्त एनव्हीडियाच्या कार्डांवर चालते, हेही ध्यानात असू द्या. वर्षातून दोन-तीन आठवडेच असे काम असेल, तर गूगल कोलॅबसारख्या सेवेवर किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर ते करावे. कार्डासाठी वाढणारे वजन, उष्णता आणि किंमत तीन-चार वर्षे रोज वाहण्यात अर्थ नाही.

५. डिस्क

एसएसडीच घ्यावी, तीही शक्यतो एनव्हीएमई प्रकारची. ५१२ जीबी ही सोयीची सुरुवात. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते. ही फसवणूक नव्हे: उत्पादक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १,०२४ × १,०२४ × १,०२४ बाइट धरते.

बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी नंतर बदलता येते. म्हणून सुरुवातीला मोठ्या डिस्कवर खर्च करण्यापेक्षा ते पैसे रॅमला द्यावेत. मूळ डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि आपले प्रोग्राम तिसऱ्या जागी, म्हणजे महाविद्यालयाच्या सर्व्हरवर किंवा ऑनलाइन साठ्यात, ठेवा. डेटा पुन्हा उतरवून घेता येतो. सहा महिने लिहिलेला प्रोग्राम आणि प्रबंध पुन्हा मिळत नाही.

६. पडदा, कळफलक, बॅटरी, वजन

*पडदा.* प्रोग्राम लिहिताना रुंदीपेक्षा उंची कामाला येते. १४ इंची पडदा १६:९ प्रमाणाचा असेल तर उंची ६.८६ इंच, १६:१० असेल तर ७.४२ इंच. म्हणजे जवळजवळ दीड सेंटिमीटर जास्त. १९२० × १२०० बिंदूंचा पडदा १९२० × १०८० पेक्षा त्याच अक्षरात चार-पाच ओळी अधिक दाखवतो. खोलीवर जुना मोठा मॉनिटर जोडता आला, तर छोट्या पडद्याची उणीव भरून निघते. त्यासाठी लॅपटॉपला एचडीएमआय किंवा चित्र पाठवू शकणारे टाइप-सी पोर्ट आहे का ते पाहा.

*कळफलक.* दुकानात उभे राहून पाच मिनिटे टाइप करा. कंस, अधोरेखा, बाणाच्या कळा कुठे आहेत? दिवसातून हजार वेळा लागणारी कळ अडचणीत असेल, तर त्याचा त्रास रोज होतो.

*बॅटरी.* 'दहा तास चालते' या वाक्याऐवजी वॉट-अवर हा आकडा शोधा. ५० वॉट-अवरची बॅटरी वाचन-लेखनात ८ वॉट खर्च झाल्यास सव्वासहा तास चालेल. तीच बॅटरी ३० वॉट खर्चणाऱ्या सलग गणनेत एक तास चाळीस मिनिटांत संपेल. म्हणून दीर्घ गणना नेहमी वीज जोडूनच करावी. टाइप-सी पोर्टमधून चार्ज होणारा लॅपटॉप असेल, तर चार्जर बिघडल्यावर दुसरा सहज मिळतो.

*वजन.* लॅपटॉप आणि चार्जर मिळून धरा. मेट्रोतून, बसमधून, क्षेत्रीय मोजणीला जाताना दीड किलो आणि तीन किलो यांतला फरक खांद्याला कळतो. सोबत नेला न जाणारा लॅपटॉप हा कमी पडद्याचा डेस्कटॉपच.

७. ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर

खरेदीपूर्वी आपल्या विभागात वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी करा. अभिकल्पाची काही व्यावसायिक सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालतात. मॅक घेतल्यावर हे कळले तर उपयोग नाही. उलट वैज्ञानिक गणनेची पुष्कळ साधने लिनक्सवर जन्मलेली आहेत. विंडोजमध्येही लिनक्सची उपप्रणाली चालवता येते; त्यासाठी मात्र १६ जीबी रॅम असलेली बरी. पूर्ण लिनक्स वापरायचे असेल, तर पेनड्राइव्हवरून ते चालू करून वायफाय, आवाज आणि झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा उठणे या तीन गोष्टी तपासा.

परवान्याचे पैसे वाचवायचे असतील तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाकडे वळा. सायलॅब, पायथॉन, ओपनफोम यांसारख्या मुक्त साधनांचा प्रसार हा प्रकल्प करतो. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक साधनांचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात.

८. जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आधी खर्च

साधारण २०१५ च्या सुमारास मी स्वतः एक अतिशय पातळ लॅपटॉप घेतला होता. त्यात ४ जीबी रॅम होती. 'पुढे वाढवू' असे मनाशी ठरवले होते. दोन वर्षांनी मागचे झाकण उघडल्यावर कळले की रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे, मोकळा स्लॉट नाही. प्रोसेसर चांगला होता, पडदा सुंदर होता. पण लॅपटॉप माझ्या कामातून गेला. चूक माझी होती, कारण तपशीलपत्रकात ते छापलेले होते आणि मी ते वाचले नव्हते.

छोट्या लॅपटॉपमध्ये हा मुद्दा निर्णायक आहे, कारण पातळपणासाठी बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम सोल्डर केलेली असते. म्हणून तपशीलपत्रक वाचताना दोन याद्या करा.

*नंतर बदलता न येणारे:* सोल्डर केलेली रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स, थंड ठेवण्याची रचना, कळफलकाची मांडणी, पोर्ट, वजन.

*नंतर बदलता किंवा जोडता येणारे:* स्लॉटमधील रॅम, एसएसडी, बाहेरचा मॉनिटर, माउस, बॅकअपची डिस्क, आणि बहुधा बॅटरी.

रॅम सोल्डर केलेली असेल तर चार वर्षांनंतरची गरज धरून आजच १६ जीबी घ्या. स्लॉट असेल तर आज ८ जीबीवर भागवून पुढे वाढवता येते. माझ्या विद्यार्थिनीच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये सुदैवाने एक स्लॉट मोकळा होता. दिल्लीच्या नेहरू प्लेस बाजारातून तिने दुसरी ८ जीबीची पट्टी आणून बसवली. नवी मशीन घेण्याच्या मानाने तो खर्च किरकोळ होता.

*जुना लॅपटॉप घ्यावा का?* अवश्य विचार करा. कंपन्या ठरावीक वर्षांनी कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप बदलतात आणि ते दुरुस्त करून विकले जातात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांसारख्या कार्यालयीन मालिकांचे १४ इंची लॅपटॉप मजबूत असतात, आणि अनेकांत रॅम वाढवता येते. घेताना पुढील गोष्टी तपासा: बॅटरीची आजची पूर्ण क्षमता मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे, एसएसडीचे आरोग्य, बिजागरी, सर्व पोर्ट, आणि बिल व लेखी हमी. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. त्याहून जुना लॅपटॉप घेणार असाल तर लिनक्स वापरण्याची तयारी ठेवा.

९. लॅपटॉपवर न मावणारे काम

काही कामे कोणत्याही लॅपटॉपवर होणार नाहीत, आणि त्यात कमीपणा नाही. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक तयार केला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून देशातल्या अनेक संस्थांत महासंगणक बसले. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म हा त्यांपैकी एक. अशा यंत्रांवर काम करणारे संशोधक समोर बसून काम करत नाहीत. आपल्या लॅपटॉपवर छोट्या नमुन्यावर प्रोग्राम तपासतात, तो दूरच्या यंत्राकडे पाठवतात आणि उत्तर आले की आलेख काढतात.

म्हणून छोट्या लॅपटॉपकडून तीन गोष्टी अपेक्षित आहेत: डेटाचा एक तुकडा नीट हाताळणे, प्रोग्राम सुखाने लिहू देणे आणि दूरच्या संगणकाशी भरवशाचा संबंध ठेवणे. शंभर ओळींवर चुकणारा प्रोग्राम महासंगणकावरही चुकतोच, फक्त जास्त वेगाने.

सारांश

१. दुकानात जाण्यापूर्वी डेटाचा आकार गुणाकाराने काढा.
२. तिप्पट अधिक ४ जीबी या ठोकताळ्याने रॅम ठरवा.
३. गरज जास्त येत असेल, तर आधी काळ किंवा प्रदेश तोडून प्रोग्राम बदलता येतो का पाहा.
४. प्रोसेसरचा पहिल्या मिनिटाचा नव्हे, विसाव्या मिनिटाचा वेग पाहा.
५. ग्राफिक्स कार्ड कामाची यादी पाहून घ्या, जाहिरात पाहून नको.
६. नंतर बदलता न येणाऱ्या भागांवर आधी खर्च करा.
७. घरचा पैसा लागत असेल, तर हे गणित घरच्यांनाही दाखवा. एका कागदावर मावते.

सरावप्रश्न

१. ईआरए-५ या जागतिक हवामान डेटाची ०.२५ अंशांची जाळी १,४४० × ७२१ बिंदूंची आहे. एका घटकाचा दर तासाचा, साध्या वर्षाचा डेटा ३२-बिटी स्वरूपात किती होईल? (उत्तर: सुमारे ३६.४ जीबी)

२. त्यातून ८ ते ३८ उत्तर अक्षांश आणि ६८ ते ९८ पूर्व रेखांश एवढाच भाग घेतला तर? (उत्तर: १२१ × १२१ बिंदू, सुमारे ५१३ एमबी)

३. प्रश्न २ मधील डेटासाठी ८ जीबी रॅम पुरेल का? ६४-बिटी स्वरूपात बदलल्यास? पाठातील ठोकताळा वापरून सांगा.

४. एका प्रोग्रामचा ५० टक्के भागच समांतर चालतो. ४ कोअरवरून ८ कोअरवर गेल्यास वेग किती पट होतो? (उत्तर: १.६ पटीवरून सुमारे १.७८ पट) हा फरक जादा किमतीला पात्र आहे का, आपले मत लिहा.

५. आपल्या आवडीच्या प्रकल्पाचा डेटा निवडा. वर्षे, बिंदू, स्तंभ आणि बाइट मांडून त्याचा आकार काढा. मग आज तुमच्याकडे असलेल्या संगणकावर तो मावतो का ते तपासा. मावत असेल, तर खरेदी पुढे ढकला आणि काम सुरू करा.